त्यांच्या पायातला जंतू

मालक गेले तवा मी दवाखान्याच्या नळावर त्यांचं धोतर धूत हुते. नर्सबाई खाली आली, "मावशी, वर चला," म्हनली, अन् माझ्या तोंडाकडं बघंना. मला कळलं. धोतर पिळलं, खांद्यावर टाकलं अन् वर गेले... महिना झाला त्याला.

ऊसतोडीत कोयता निसटून त्यांच्या पोटरीला बसला हुता. शुगर असल्यानं जखम भरलीच न्हाई. नगरच्या डॉक्टरांनी औषधं बदलून पाहिली, पन जखमंत शिरलेल्या जंतूवर कशाचाच असर हुईना. पाय काढावा लागंल, म्हनले. मालक म्हनले, "मग एका पायानं हिच्या मागं पळायचं कसं?" आमची लेक शोभा पुण्याला प्रयोगशाळेत हाय. ती म्हनली, "बाबा, जंतूला खाणारा त्याच्याहून बारीक जीव असतो, फाज म्हणतात. तुमच्या जंतूचा शोधते." मालक म्हनले, "शोध की. त्याला सांग, पान वाढूनच ठेवलंय!"

जखम धुतलेलं पानी मी रोज उकिरड्यावर वतायची. शोभीनं तिथलाच चिखल बाटलीत भरून नेला. जिथं जंतू, तिथंच त्याला खाणारा, म्हनली. अन् घावला बी, फाजांमधला राक्षसच! "फाज शोधताना लोक गाळणीखाली आलेलंच बघतात. हे मोठे वर अडकतात, अन् फेकले जातात," ती सांगत हुती. मालक खाटेवर उठून बसले. "यवढा मोठा कशानं झाला गं?"

"धाकटे रिकाम्या हातानं येतात, जंतूच्याच घरातली भांडी वापरतात. ह्यानं पिढ्यान्‌पिढ्या जिथं गेला तिथनं कायबाय उचललं. आता आपला संसार सोबत घेऊन हिंडतो."

"मंजी तोडकऱ्याचं बिऱ्हाडच की! तवा, परात, कोंबडी, बायकू... समदं गाडीत." मालक हसले. लई दिसांनी हसले.

प्रयोगशाळेतल्या ताटलीत फाजनं जंतू खाल्ला. पन मानसाच्या अंगात सोडायचा तर आधी निर्मळ करावा लागतो, वरून परवानगी लागती. शोभी धावत हुती. मालक रोज इचारायचे, "निघाला का आपला पाव्हना?" मी म्हनायची, "वाटंला लागलाय." मग ताप चढला, रगतात भिनलं... पाव्हना पोचला न्हाई.

तेरावं झालं. घर खायला उठायचं, म्हनून शोभीनं मला पुण्याला नेलं. तिथं तिनं काचेची ताटली दाखवली. पिवळी साय धरलेली, तिच्यात टाचणीच्या टोकायवढी भोकं. "भोकं फाजनं पाडलीत, आई. दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल, म्हणून जपतो."

"अन् ही साय?"

"बाबांच्या पायातला जंतू. फाज वाढवायचा तर खायला हाच लागतो. म्हणून ह्यालाही जगवतो."

माझा मानूस नेला त्यानं. शिव्या तोंडावर आल्या, पन... त्यांच्या अंगातलं जितं म्हनून आता यवढंच हुतं. शोभीनं ताटली उबेच्या कपाटात ठिवली. मी त्याच्या आतल्या काचंच्या दारावर हात टेकला. ताप नसायचा तवा त्यांचं अंग लागायचं, तेवढीच ऊब हुती.