कोटाच्या बटणाएवढी

तिला मी ओळखत होतो असं म्हणायला जीभ धजत नाही. शिंप्याच्या दुकानात, मागच्या खोलीत ती काज-बटणं करायची आणि मी इस्त्री. बोलायची ती, मी नुसता हुंकार द्यायचो.

तिच्या छातीत गाठ निघाल्याचंही मी पाठमोरा असतानाच कानावर पडलं. ती मालकीणबाईंना सांगत होती, "सोनोग्राफी झाली, सुई घालून तपासलं. साधी गाठ आहे, कॅन्सरची नाही. वाढली किंवा दुखली तर छोटं ऑपरेशन, नाहीतर राहू द्यायची. तपासायला मात्र येत राहा, असं डॉक्टरबाई म्हणाल्या."

"आणि दुसरी लागली तर?"

"तर तीही दाखवायची." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, कान लाल झाले तुमचे. इस्त्री जरा लांब धरा."

तिनं डब्यातून गाठीएवढं कोटाचं बटण निवडलं आणि सुयांच्या उशीला टाचलं. याच्याहून मोठी झाली की डॉक्टरकडे जायचं, एवढाच तिचा हिशेब. दिवसभर बटणं जुळवणारी तिची बोटं, मापात चुकणार कशी? गाठ बरीच वर्षं तेवढीच राहिली. तपासणीला जाणं सुटलं. कुणी विचारलं की ती उशीकडे बोट दाखवायची.

मग दुसऱ्या बाजूला, काखेजवळ, एक कडक गाठ लागली.

"ही तर शर्टाच्या बटणाएवढी. कोटाचं निभावलं, शर्टाचं काय घेऊन बसलात?"

"अगं, ही वेगळी आहे," मालकीणबाई चिडल्या.

"वेगळी कसली? एकाच डब्यातली."

वरची कातडी आत ओढली गेली, तेव्हा लेक तिला जबरदस्तीनं घेऊन गेली. कोटाच्या बटणाएवढी गाठ अजूनही साधीच होती. लहान होती ती कॅन्सरची, आणि तोवर तो हाडांत पोचला होता.

उपचार चालू असतानाही ती कामाला यायची. औषधांनी बोटं बधिर झाली होती. सुई हातात आहे की पडली, हे तिला बघून कळायचं. उशीवरचं बटण कधीतरी तिनंच काढून टाकलं.

ती गेली त्याच्या आदल्या आठवड्यात तिनं एक कोट माझ्या टेबलावर ठेवला.

"काका, बटणं प्लास्टिकची आहेत. वितळतील."

"मधे कापड ठेवतो."

"ओलं ठेवा."

"बरं."