आधीच धुतलेले पाय

आमच्या रत्नागिरीच्या ख्रिस्ती मंडळीत वडिलांची एक जागा रिकामी झाली आणि ती मला हवी होती. वडील म्हणजे चर्चच्या कमिटीतले मानकरी. पुढच्या बाकावर बसायला मिळतं, शब्दाला वजन येतं, लोक रस्त्यात थांबून विचारपूस करतात. खोटं कशाला बोलू, अगदी हावरटासारखी हवी होती.

नेमके तेव्हाच मुंबईहून एक प्रशिक्षक आले. पडद्यावर चित्रं दाखवत दोन दिवस एकच सांगत राहिले: पुढारी म्हणजे सेवक, प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, तुम्हीही धुवा. झालं! आम्ही तिघे उमेदवार एकदम नम्र झालो. आधी घंगाळ कोणी धरायचं यावरून अशी जुंपली की आमच्या धर्मगुरूंना, पाळकसाहेबांना, मध्ये पडावं लागलं. शेवटी प्रत्येकाच्या वाट्याला चौघांचे पाय आले.

आणि पाय तरी कसले! आमच्याकडे पाय धुवून घ्यायला बसणारी माणसं घरून वज्रीने टाचा घासून येतात, वर पावडर. बँकेतून निवृत्त झालेले एक काका तर नवे मोजे घालून आले होते. असल्या पायांवर पाणी ओतायचं, टॉवेलने टिपायचं, डोळे मिटायचे आणि फोटोवाल्याचं झालं की उठायचं.

माझ्या वाट्याची चौथी बाई आयत्या वेळी आलीच नाही. तिच्या जागी चर्च झाडणाऱ्या मावशींना बसवलं. त्या मागच्या आवारातला पालापाचोळा उचलून तशाच आल्या होत्या. पाय लाल मातीने माखलेले, टाचा फुटलेल्या. मनात म्हटलं, वा रे नशीब, फोटो झकास येणार!

पाणी ओतलं तशा त्या हळूच म्हणाल्या, "बाबा, डाव्या टाचेत काटा मोडलाय. तेवढा बघतोस काय? मला वाकाय येत नाय, नि डायबेटीस पण हाय."

"नंतर बघू हां, मावशी." फोटोवाल्याने अंगठा दाखवला होता. टॉवेल फिरवून मी उठलो. टाळ्या पडल्या.

नंतर विसरलो असं म्हणणं सोयीचं आहे. विसरलो नव्हतो. पण फोटोवाला गेला होता, मग पुन्हा खाली बसायचं ते कोणासाठी?

पुढचे दोन रविवार मावशी दिसल्या नाहीत. तिसऱ्या रविवारी मतदान होतं. सुनेच्या खांद्यावर हात टाकून त्या लंगडत आल्या. डाव्या पायाला घोट्यापर्यंत बँडेज. पाय राहतो की काढावा लागतो, ते डॉक्टर आठवड्याने सांगणार होते.

"अहो मावशी, अशा पायाने कशाला आलात?"

"मत द्यायचं होतं ना तुला. माझे पाय हातात घेणारा दुसरा कोण हाय रे?"

मी निवडून आलो. पाळकसाहेब हार घालायला पुढे आले तेव्हा लाजेने माझी मान वर होईना. मागून कोणीतरी म्हणालं, "बघा, किती नम्र माणूस!"