दुसऱ्याचा केक

भंडारदऱ्याच्या एका रिसॉर्टमध्ये मी दुसऱ्याच्या लग्नाच्या वाढदिवसाचा केक कापला आहे. केकवर ‘पस्तीस’ लिहिलेलं आणि आमच्या लग्नाला झालेली वीस वर्षं. पण मॅनेजर हसत सुरी पुढे करतोय, आजूबाजूचे लोक टाळ्या वाजवतायत, अशा वेळी खरं बोलायला लागतं ते धैर्य माझ्यात नाही. फिरवली सुरी. बायको कानाशी पुटपुटली, “वीसच झालीत, पण पस्तिसासारखी गेलीत म्हणा.”

केक तात्यांचा होता. कर्जतला आमच्या कुंपणापलीकडे त्यांचा चार गाईंचा गोठा. नगरच्या कुठल्याशा हॉटेलात फुकट जेवायला म्हणून ते गेले आणि सुट्टीची मेंबरशिप घेऊन परतले. म्हणजे एकदा मोठी रक्कम भरायची, वर दरसाल देखभालीचे पैसे द्यायचे, आणि पंचवीस वर्षं दरवर्षी आठवडाभर रिसॉर्टमध्ये राहायचं. तात्या मात्र कधी गेलेच नाहीत. दिवाळीपासून ठिकाणाची चर्चा चाले, काकू बॅग भरत, आणि ऐन वेळी तात्या कुंपणाशी येत.

“भाऊसाहेब, यंदा न्हाई जमत. चांदी व्यायला झालीय. तुमी जाऊन या.”

त्यांच्या जागी कधी डेअरीवाला जाई, कधी जनावरांचा डॉक्टर. त्या वर्षी आम्ही गेलो होतो, आणि बुकिंग तात्यांच्या नावावर, तेही त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाच्या आठवड्यातलं.

परतल्यावर मी चाचरत केकचं सांगितलं. तात्यांनी विचारलं, “कशाचा हुता?”

“अननसाचा.”

ते गोठ्याकडे वळून ओरडले, “आगं ऐकलं का, अननसाचा हुता!”

काकू शेण काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “बरं झालं. मला चॉकलेटचा न्हाई आवडत.”

पुढच्या वर्षी मलाही तसंच जेवणाचं बोलावणं आलं. जेवण झालं, सही तेवढी राहिली. आठवडाभर मी घरात येरझाऱ्या घातल्या. मेंबरशिप घ्यावी तर, तात्यांच्या जिवावरचा तो भंडारदरा सोडला, तर गेल्या पाच वर्षांत आम्ही गेलो ते लोकांच्या लग्नांना. न घ्यावी तर मेल्यावर भंडारदरा काय कामाचा? शेवटी माझ्या ओळखीतल्या एकमेव मेंबरला गाठलं.

“तात्या, परवडतं का हो?”

“लई भारी हाय!”

“पण तुम्ही एकदाही गेला नाहीत!”

“म्हून तर समदं शिल्लक हाय.”

आता तुम्हीच सांगा, यातून माणसानं काय समजायचं? न गेलेला माणूस खूष होता आणि जाऊन आलेला मी अजून त्या केकपायी ओशाळत होतो.

तेवढ्यात तात्यांनी नेहमीचं सुरू केलं, “बरं, भाऊसाहेब, यंदा बी काय जमत न्हाई...”

“जमतंय,” माझी बायको मागून म्हणाली. तो अननस तिच्या मनातून गेलेला नव्हता. “गाई आम्ही बघतो. काकूंना घेऊन जा.”

तात्या गेले. तीनदा मागे वळून गोठा बघितला, पण गेले. काकूंनी एकदाही बघितलं नाही.

बायकोचं माहेर दुधाच्या धंद्यातलं, त्यामुळे धारा ती काढणार आणि दोरी मी धरणार, असं ठरलं. तिघींनी दूध दिलं. चांदीनं मात्र पान्हा चोरला. पेंड घातली, पाठ थोपटली, काही उपयोग नाही. शेवटी तात्यांना फोन लावला.

“तिच्या कानाला लावा.”

लावला. गाईच्या कानाला मोबाईल धरून मी उभा आणि आतून तात्यांचा आवाज, “चांदे, आगं बाय, आसं न्हाई करायचं. सोड, सोड. येतोच की मी.” मागून काकूंचं हसणं, “हितं बी तीच का?” आणि बादलीत धार वाजायला लागली.

चांगला मुहूर्त बघून मी बायकोला विचारलं, “त्या कंपनीवाल्यांना उद्या कळवायचंय. घ्यायची का गं मेंबरशिप?”

तिनं धार थांबवली नाही. म्हणाली, “आधी घरात कुणाचं तरी तुमच्यावाचून अडेल असं काहीतरी करा. मग सुट्टीचं बघू.”