दोन घमेली मातेरं

पोतं काट्यावर हुतं. पुन्याहून आलेला ऑडिटर आकडा बघत हुता, मंग हातातला कागद, मंग परत आकडा.

"उतरवताना हे पोतं अठ्ठावन्न किलो होतं," तो म्हनला. "आज बासष्ट भरतंय. तुमच्या गोडाऊनमध्ये कोको वाढतो का?"

साहेब हसले. वैशाली मॅडम हसल्या न्हाईत. एरवी हसायला मी सगळ्यात म्होरं, पन त्या दिवशी माझं तोंड उघडंना. ते चार किलो कुठनं आले हे अख्ख्या फॅक्टरीत येकालाच ठाऊक हुतं, आन तो शहाना मीच.

आदी सांगतो मी कोन. भानुदास. नगरच्या एमआयडीसीत, कोकोच्या फॅक्टरीत गोडावनचा मुकादम. शाळेत मी येकच दिवस गेल्तो, त्यातबी अर्धा दिवस मास्तर मला हुडकत हुते. हे सगळं मी बोलतोय, लिहून घेतीय आमची सून. मधीच कुठं शहानपनाचं वाक्य आलं तर ते तिचं धरा.

आमी चॉकलेट करत न्हाई, चॉकलेटच्या आदीचं करतो. आफ्रिकेतनं कोकोच्या बिया येत्यात, तागाच्या पोत्यात. दिसायला बदामावानी, वासाला आंबूस. बाया त्या निवडत्यात, बुरशीची, चपटी, खडा काढून टाकत्यात. मंग रोस्टरमधी भाजायच्या, मंग दळायच्या. थोडा माल इथल्या बिस्किटवाल्यास्नी जातो. चांगला पैका देनारं गिऱ्हाईक मातर युरोपातलं.

त्या युरोपवाल्यांनी नवा कायदा काढला. तो लागू व्हायची तारीख म्होरं म्होरं जात हुती, पन आमचं गिऱ्हाईक म्हनलं, आमाला आत्ताच पायजे. त्यासाठी वैशाली मॅडम आल्या. त्यांचं खातं कंप्लायन्स. मी ते कंप्लेंट ऐकलं, आन पयल्याच दिवशी सांगून आलो की गोडावनातला पंखा बंद हाय. बाईंनी पंखा चालू करून दिला, मंगच सांगितलं की हे काम माझं नाही.

"काका, सातबारा माहितीये ना?" त्या म्हनल्या. "तसा प्रत्येक पोत्याचा सातबारा लागणार. कोको कुठल्या शेतातला, ते शेत नकाशावर नेमकं कुठं. दोन हजार वीस सालानंतर जंगल तोडून ते शेत केलं असेल, तर माल चालणार नाही. वरून उपग्रहाचा फोटो असतो, लपवता येत नाही."

"आन ज्याला सातबारा न्हाई?"

"तो इथल्या गिऱ्हाइकाला. पण दोन्ही एकत्र होता कामा नये. बिनकागदाची एक मूठ जरी पडली, तरी सगळा लॉट बिनकागदाचा."

"येक मूठ?"

"एक मूठ."

मी मुंडी हलवली. मुंडी हलवायला शाळा लागत न्हाई.

कागदवाल्या पोत्यास्नी निळे टॅग लावले. गोडावनात पिवळा पट्टा मारला. अलीकडं निळी पोती, पलीकडं बिनकागदाची, मधी हातगाडी जाईल येवढी वाट. आन भिंतीला येक वही अडकवली. तारीख, लॉट, सांड. सांड म्हंजी त्या दिवशी सांडलेला माल. मला लिहायला दोनच गोष्टी येत हुत्या, सही आन शून्य. मी रोज शून्य लिहायचो, चांगलं गोल, मान वर करून.

निवडनाऱ्या अकरा बाया हुत्या. त्यांची म्होरकी कांताबाई, पाथर्डीकडची. चार वर्सांमागं ऊसतोडीची टोळी सोडून नवऱ्याला घिऊन नगरला आली, ती इथंच टिकली. युरोपचा माल हुता म्हनून निवडायचं काम हुतं. बिस्किटवाला काय निवडून मागत न्हाई. ही कांताबाई रोज माझी वही बघायची.

"भाऊ, शून्य कसं काय? येक सांड तर रोज दिसतोय की गोडावनात."

बाया खदखदायच्या. मीबी हसायचो. मला वाटायचं मोकाट वळू म्हनती म्हंजी कौतुकच हाय.

आता मूळ गोष्ट. फॅक्टरीच्या आदी मी बावीस वर्सं श्रीरामपूरच्या मार्केट यार्डात हमाल हुतो. तिथं हूक लागून पोतं फाटायचंच. दिवसभर सांडलेलं धान्य आमी झाडायचो, चाळायचो आन जे पोतं हलकं भरलं त्यात टाकायचो. मातीत मिळालेल्या त्या धान्याला मातेरं म्हनत्यात. मातेरं वाया घालवनाऱ्या हमालाला यार्डात कुनी उभं करत नसे. बावीस वर्सं मी येवढीच येक विद्या शिकलो.

निळ्या टॅगचा नवा कंटेनर आला तवा सहा पोती प्रवासातच फाटली हुती. उतरवून काट्यावर घेतली, हलकी भरली, आकडे कॉम्प्युटरात गेले. सुट्टीच्या आदी मी मधली वाट झाडली. दोन घमेली निघाली. चाळलं, खडा काढला, सहा पोत्यात सारखं वाटलं आन दाभनानं तोंडं शिवली. त्या वाटंवर निळ्यातलं किती सांडलेलं, बिनकागदाचं किती, हे कसं कळनार. बियांवर काय नाव नसतं. मॅडमची ती मूठ येकदा मनात आली. मंग मीच मनाला म्हनलं, ही काय मूठ न्हाई, हे तर मातेरं हाय. अशी आमची अक्कल. वहीत शून्य घातलं आन घरी गेलो.

आठवड्यानं मंगळवारी ऑडिटर आला. त्यानं कुठलीबी पाच पोती काढा म्हनलं आन त्यातलं येक माझं निघालं. बाकीची चार बरोबर. त्यामुळं पाऊसपान्याची ओल लागली म्हनायचीबी सोय ऱ्हायली न्हाई.

"हे पोतं बाजूला ठेवा," तो म्हनला. "आणि चार किलो कुठून आले ते शुक्रवारपर्यंत लिहून द्या." येवढं बोलून गेला.

साहेबास्नी वाटलं, काटा चुकला आसंल. जहाजाची तारीख तोंडावर हुती. ते म्हनले, येक पोतं काढलंय, बाकीचा लॉट भाजायला घ्या.

आता तुमीच बघा. काढायची हुती सहा, काढलं येक. बाकीची पाच कुठली हे फकस्त मला ठाऊक, कारन टाके माझ्या हातचे. तवाच तोंड उघडलं आसतं तर पाच पोती बाजूला झाली आसती, मला दोन शिव्या बसल्या आसत्या, लॉट वाचला आसता. पन मला वाटलं नोकरी जाईल. या वयात मला दुसरीकडं कोन उभं करनार.

बुधवारी मॅडम गोडावनात आल्या. येका रात्रीत डोळे खोल गेल्ते.

"काका, खरं सांगा. तुम्हाला काही माहितीये का?"

"मला काय माहीत, मॅडम. मी पडलो अडानी."

जन्मभर लोकं मला अडानी म्हनत आली. त्या दिवशी मी तो शब्द पयल्यांदा कामाला लावला.

दुपारी माझीच मानसं पोती निवडनाऱ्या बायांम्होरं रिकामी करत हुती, तिथनं माल थेट रोस्टरच्या तोंडात. मी बाजूला उभा राहून माझे टाके वळखत हुतो. येक गेलं. दोन गेली. पाचवं गेलं तवा मी इनोद सांगितला कायतरी, मानसं हसली. कुठला ते आता आठवत न्हाई.

गुरुवारी साहेबांनी वही मागवली. घिऊन केबिनमधी गेलो तर मॅडम उभ्या.

"टॅगची यादी तुमच्या हातची," साहेब त्यास्नी म्हनत हुते. "पोतं बदललं म्हणून लिहून द्या आणि उद्यापासून येऊ नका. ऑडिटरला कुणीतरी दाखवावं लागेल."

"मी काही बदललं नाही, सर."

साहेबांनी माझ्या हातातनं वही घेतली, उघडली. सगळी शून्यं. "हे बघा, भानुदासच्या वहीत सांडसुद्धा नाही."

मंग मात्र मला उभं ऱ्हावंना. म्हनलं, "साहेब, येक न्हाई. सहा पोती हायेत. मीच भरली."

सगळं सांगितलं. घमेली, चाळनी, दाभन. साहेबांनी वही मिटली.

"बाकीची पाच कुठंयत?"

"भाजली."

"हे कधी सांगायचं होतं?"

"मंगळवारी."

"आज काय वार?"

"गुरुवार."

मला वाटलं आता हानत्यात. त्यांनी उठून दार लावलं. "हे आपल्या तिघांच्या बाहेर कुणाला माहिती आहे?"

मी कायतरी बोलनार, त्याच्या आदी मॅडम म्हनल्या, "सर, मला माहिती आहे तेवढं पुरे. लॉट शुद्ध आहे असं मी लिहून देणार नाही."

ज्या बाईला मी दोन दिवस बुडू दिलं तीच खरं बोलत हुती, आन मी मनात म्हनत हुतो, बाई गप बस. हेबी सांगून टाकतो, आता काय ऱ्हायलंय.

शुक्रवारी खरं तेच लिहून खुलासा गेला. गिऱ्हाइकानं सगळा लॉट नाकारला, म्होरली ऑर्डरबी बंद केली. माल बिस्किटवाल्यांकडं गेला. तिथं कुनी टॅगचा रंगबी विचारला न्हाई. मॅडम म्हैन्याभरानं गेल्या. सोडली का सोडवली, मला न्हाई ठाऊक. जायच्या आदी त्यांनी मला येक ते नऊ लिहायला शिकवलं. मला कामावरनं काढलं न्हाई. बिनकागदाची पोती उचलायला अडानीच लागतो.

युरोप गेला म्हंजी निवडायचं काम गेलं. बायास्नी साहेब सांगनार हुते, मी म्हनलं मी सांगतो. सांगितलं, कुनामुळं तेबी. कुनी शिवी दिली न्हाई. कांताबाईनं पदरानं हात पुसले.

"दोन घमेली व्हय, भाऊ?"

"दोन."

"आता उसात जाया लागंल परत." तिनं पदर खोचला. "टोळी दसऱ्याच्या म्होरं निघती. चार वर्सं कोयता पेटीत पडलाय, दांडा कुजला. तुमाला सुतारकाम येतंय ना?"

थट्टा न्हवती. खरंच दुसऱ्या दिवशी तिनं कोयता आनून दिला, पेपरात गुंडाळून. मी कंपाऊंडच्या मागची बाभळ तोडली, तिची चांगली मनगटायेवढी फांदी घेतली. तासली, घासली, पात्याला पक्की बसवली. कांताबाईनं हातात धरून बघितला आन म्हनली, "ब्येस झालाय."

आता वहीत मी रोज सांड लिहितो. काल तीन किलो हुती. ती वही कुनी बघत न्हाई. सांडलं तर सांडलं म्हनून त्याच दिवशी लिहावं, येवढंच मी शिकलो, त्याला चाळीस वर्सं आन अकरा बाया लागल्या.

ती बाभळ तोडली, तिचा सातबारा मातर मला कुनी विचारला न्हाई.