साडूचा रबरी बेडूक
माझ्या साडूनं मला फसवलं. आज शेजारी मरळ तळल्याचा वास आला आणि पुन्हा डोकं तापलं. मागं एकदा आम्ही दोघं सासऱ्यांबरोबर हिप्परग्याच्या तलावावर गळ टाकायला निघालो, तेव्हा दुकानात हाच म्हणाला, "गळाला आमिष म्हणून पत्र्याचा चमकता मासा घ्या की साडूभाऊ, मरळ त्यालाच येती." मी घासाघीस करून तो घेतला. यानं मात्र स्वतःच्या गळासाठी गुपचूप रबरी बेडूक विकत घेऊन खिशात टाकला. तलावभर शेवाळ होतं. माझा पत्रा दर फेकीला त्यात रुतायचा, त्याचा बेडूक मात्र वरून सरकत गेला आणि हातभर मरळ लागली. सासरे म्हणाले, "ह्यो खरा जावई." अजून सासुरवाडीला पहिलं ताट त्यालाच वाढतात. बेडकाचं माझ्यापासून का लपवलं, ते त्यानं सासऱ्यांसमोर सांगावं.