आलोचकाका

आलोचकाकांना खुर्चीत नीट बसलेलं मी फार कमी वेळा पाहिलं. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात ते कायम शेवटच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर टेकलेले असत. गाणं रंगात आलं की हे उठत, शेजारच्याला “आलोच” म्हणत आणि नाहीसे होत. परत येत, टेकत, घड्याळ बघत, पाय हलवत, आणि नेमकी टाळ्यांची वेळ आली की पुन्हा “आलोच.” अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या आसपासच्या मराठी घरांत त्यांना याच नावानं ओळखत. त्यांचं खरं नाव मला पुष्कळ उशिरा कळलं, तेही डॉक्टरांच्या नर्सनं ते मोडूनतोडून पुकारलं तेव्हा.

मी पुण्याहून नोकरीसाठी इथे आले ती नव्या शतकाची पहिलीच वर्षं होती. गाडी येत नव्हती, आणि इथल्या थंडीत बसची वाट बघत उभं राहणं म्हणजे शिक्षा. काकांनी आपणहून मला गाडी शिकवायला घेतलं. शिकवताना तेच जास्त कासावीस. “अरे बाप्पा, काय करून राहिली तू? स्टॉप साइन आहे ती, सजेशन नाही!” असं ओरडत स्वतःच्या बाजूला नसलेला ब्रेक दाबत. वाटेत पेट्रोल पंप दिसला की म्हणत, “घे इथं. कॉफी आणतो.” आणि रिकाम्या हातानं परत येत. शिकवणीच्या एका तासात आमचे दोनतीन पंप तरी होत. कॉफी घ्यायची नाही तर हा माणूस आत जातो कशाला, म्हणून मी मनातल्या मनात वैतागत असे.

काका नागपूरचे. डेट्रॉइटच्या बाजूला मोटारींच्या कारखान्यांत वेल्डिंग करणारे रोबो बसवून देणं, हे त्यांचं काम. त्या रोबोंभोवती उंच जाळीचं कुंपण असतं. आत दुरुस्तीला जायचं असेल तर आधी वीज बंद करायची, मुख्य स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, म्हणजे बाहेरून कुणी चुकून यंत्र चालू करू शकत नाही. हा नियम काकांच्या अंगात इतका मुरला होता, की माझ्या सिंकखालचं कचरा दळायचं यंत्र अडकलं तेव्हा त्यांनी आधी वीज तोडली, त्या बटणाशी मला उभं केलं आणि बजावलं, “देव जरी आला तरी हात लावू द्यायचा नाही. मशीनला दया नसते.” मग तासभर सिंकखाली आडवे. त्यातही दोनदा उठून गेलेच.

एका संक्रांतीला काकांनी तिळगूळ नाकारला. “शुगर निघाली,” असं त्यांनी चारचौघांत जाहीर केलं. आमच्या लोकांत डायबेटिस हा मोठा मानाचा आजार. ज्याला होतो त्याला सगळे आपल्यात घेतात. कुणी मेथ्या आणून दिल्या, कुणी जांभळाच्या बियांची पूड दिली. काकू रोज सकाळी कारल्याचा रस काढून समोर उभ्या राहू लागल्या, आणि काका डोळे मिटून तो गिळू लागले. पुरणपोळी, श्रीखंड, शिरा, सगळं बंद. त्यांची पंगतीतली ती केविलवाणी नजर अजून आठवते. आणि उठून जाणं? ते आता सगळ्यांना समजत होतं. शुगर आहे ना, होतं असं.

पुढच्या हिवाळ्यात काकू स्वतःचं ब्लडप्रेशर दाखवायला गेल्या. काका सोबत होते. निघताना काकूंनी डॉक्टरला सहज विचारलं, यांच्या शुगरला कारलं किती दिवस द्यायचं? डॉक्टर गोंधळला. कसली शुगर? मग त्यानं काकांकडे वळून विचारलं, “तुम्ही स्पेशालिस्टकडे गेलात ना?” काका खिडकीकडे बघत राहिले. रक्ताच्या तपासणीत प्रोस्टेट ग्रंथीचा आकडा वाढलेला आहे, ताबडतोब दाखवा, असं त्यानं वर्षापूर्वीच सांगितलं होतं. काकांनी घरी येऊन त्याची शुगर केली होती. लघवीचा आजार बायकोला सांगायचा कसा, मुलीला कसा, आणि मंडळात तर बोलायलाच नको. शुगर कशी, कुणालाही सांगता येते.

मग सगळंच घाईनं झालं. तुकडा काढून तपासला, कॅन्सर निघाला. सारखं उठून जावं लागण्याचा त्रास वाढलेल्या ग्रंथीमुळे होता, कॅन्सर मात्र तिच्यात मुकाट्यानं वाढत होता. ऑपरेशन करा, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि मोठ्या हॉस्पिटलात ते आता रोबोच्या मदतीनं होतं हेही सांगितलं. झालं. काकांना कारण मिळालं. “रोबो? मला सांगून राहिले रोबो काय असतो? एक सेन्सर गेला की हात कुठं जाईल त्याला तरी माहीत असतं का?” तारीख मिळाली की हे कॅन्सल करत. एकदा कारखान्यातलं काम निघालं, एकदा बर्फाचा अंदाज आला, एकदा नागपूरला जाऊन साध्या हातानं करून घेऊ म्हणाले. दिवस निघून जात होते आणि काका घरभर फेऱ्या मारत होते. काकूंनी शेवटी मला फोन केला. मुलगी दूर दक्षिणेत अल्फारेटाला, तिची मुलं लहान. काकूंना गाडी येत नव्हती. “तू घेऊन चल. आणि आतपण चल बाई. हे प्रश्न विचारतील आणि उत्तर ऐकायच्या आधीच उठतील.”

सर्जन तरुण होता आणि शांत होता. काकांनी त्याला दम घेऊ दिला नाही. वीज गेली तर? हात जागा विसरला तर? बंद करायचं बटण कुणाच्या हाताशी? तो उलट खूश झाला. शिकाऊ डॉक्टरांना सरावासाठी ठेवलेलं यंत्र त्यानं आम्हांला दाखवलं. म्हणाला, हे आपल्या मनानं काहीच करत नाही. मी या बाजूला बसतो, माझी बोटं हलतात तशी आतली अवजारं हलतात, आणि मी या भिंगातून डोळे काढले की सगळे हात जागच्या जागी थांबतात. काकांनी वाकून एकेक सांधा पाहिला. चेहऱ्यावरून दिसत होतं, की यंत्र त्यांना पसंत पडलं आहे. आता होकार येणार, असं मला वाटलं.

तेवढ्यात काकू मला म्हणाल्या, “त्याला विचार, नंतर कपडे ओले होतील का यांचे?”

काका लालबुंद झाले. “आलोच,” म्हणाले आणि दाराबाहेर गेले.

मी विचारलं. माझीही जीभ अडखळली, पण विचारलं. सर्जन म्हणाला, सुरुवातीला होतील. काही महिने पॅड लागेल. व्यायाम सांगू. बहुतेकांचं सुधारतं, पण शब्द देता येत नाही. काकूंनी मान हलवली. परत येताना मागच्या सीटवरून त्या एकदाच बोलल्या. “इतके दिवस मशीनचं नाव सांगून राहिले. यांना मशीनचं भेव नाही गं. चादरीचं आहे. अहो, चादरी मी धुईन. मुलीच्या धुतल्या, सासूबाईंच्या धुतल्या. तुम्ही फक्त राहा.”

त्या रस्त्यावर काकांनी मला एकही पेट्रोल पंप घ्यायला लावला नाही. घरी पोचल्यावर चपला न काढता फोनकडे गेले आणि तारीख घेतली.

ऑपरेशनच्या सकाळी स्ट्रेचरवरून नेताना काका मला म्हणाले, “आयुष्यभर लोकांना जाळीच्या बाहेर उभं केलं. आता मीच आत चाललो, अन् किल्लीपण खिशात नाही.” आणि हसले. ऑपरेशन व्यवस्थित झालं. पोटावर छोटी छोटी भोकं, आणि दुसऱ्याच दिवशी काका लघवीची पिशवी स्टँडला अडकवून वॉर्डात फेऱ्या मारताना दिसले. नर्स त्यांना विश्रांती घ्या म्हणून विनवत होती. आठवड्यानं आलेला रिपोर्ट मात्र चांगला नव्हता. आजार ग्रंथीच्या कडेबाहेर गेला होता. वर्षभर आधी काढली असती तर? काकांनी हे विचारलं. सर्जननं खरं तेच सांगितलं, की खात्रीनं सांगता येत नाही. काकांनी स्वतःपुरतं उत्तर ठरवून टाकलं. “एक वर्ष मी कारल्याचा रस पिण्यात घालवलं,” ते म्हणत. त्यांना हसवत नसे आणि आम्हांलाही.

त्यानंतर बरेच महिने ते कुठे आले नाहीत. दिवाळीचा फराळ काकू एकट्याच घेऊन आल्या. मी भेटायला गेले की काका दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात फेऱ्या मारत असत. पॅड, व्यायाम, पुन्हा पॅड. मग हळूहळू ते सुधारलं आणि गणपतीत काका हॉलच्या दारात उभे दिसले. त्यांनी काय करावं? पन्नाशीच्या पुढचा पुरुष दिसला की कोपऱ्यात गाठायचा. “प्रोस्टेटची टेस्ट केली का? डॉक्टरला विचारलं का?” हातात मोदकाची प्लेट असलेल्या माणसाला! लोक बिचकले. कुणी हसून विषय बदले, कुणी त्यांना दुरून पाहून जिन्यानं वरच्या मजल्यावर जाई. एका गृहस्थांनी कमिटीकडे तक्रार केली, की बायकामुलांसमोर असलं बोलणं शोभत नाही. अध्यक्षांनी काकांना समजावलं. काका ऐकून घेत, मान डोलवत, आणि जाता जाता अध्यक्षांनाच विचारत, “तुम्ही केली?”

दोनेक वर्षांत आकडा पुन्हा चढू लागला. औषधं झाली, किरणं झाली. शेवटी घर विकून नागपूरला परत जायचं ठरलं. निरोपाच्या दिवशी आम्ही हॉल घेतला. ठरलेली भाषणं चालू होती, काकांनी स्टेज कसं उभारलं, स्पीकर कसे दुरुस्त केले. मग तो तक्रार करणारा गृहस्थ उठला. माइक हातात घेऊन बायकोकडे बघत म्हणाला, “मागच्या वर्षी मी कामासाठी क्लीव्हलंडला गेलो नव्हतो. ऑपरेशनला गेलो होतो. काकांनी पिच्छा पुरवला म्हणून वेळेत सापडलं.” त्याची बायको उभीच राहिली. काका मागून मोठ्यानं म्हणाले, “अरे वेड्या, घरी का नाही सांगितलं?” आणि मग आवाज एकदम उतरला. “मला कुणी विचारलं नाही रे. मीही कुणाला विचारू दिलं नाही. म्हणून तुम्हांला विचारत सुटलो.”

माझ्या आयुष्यात इतका उपद्रवी आणि इतका चांगला माणूस दुसरा आला नाही. विमानतळावर मी खूप रडले.

काका गेल्याचं काकूंनी नागपूरहून फोन करून सांगितलं. आवाज स्थिर होता. शेवटपर्यंत गच्चीवर फेऱ्या मारत होते म्हणाल्या. फोन ठेवल्यावर मला काही सुचेना. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीतच बसून पुण्याला बाबांना फोन लावला. मी मुलगी, ते शिस्तीचे निवृत्त हेडमास्तर. आमचं बोलणं हवेपाण्याच्या पलीकडे कधी गेलं नव्हतं. त्या दिवशी मी सरळ विचारलं, “बाबा, तुम्हांला लघवीचा काही त्रास आहे का?”

“थांब, आईला देतो,” ते म्हणाले.

“आईला नको. तुम्हांलाच विचारतेय.”

पलीकडून त्यांनी दार लोटल्याचा आवाज आला.

“आहे गं,” बाबा हळू आवाजात म्हणाले. “वर्ष होत आलं.”