सोनमचं सापांचं पुस्तक कागदावर आलं

बावड्याची सोनम साप धरते. लग्न होऊन आली तेव्हा सासरच्यांनी कपाळाला हात लावला होता. आता उसात साप दिसला की पंचक्रोशीचे फोन तिलाच. स्वतः काढलेले फोटो घालून तिनं एक पुस्तक लिहिलं: विषारी कुठला, बिनविषारी कुठला, चावला तर काय करायचं. रंगीत छपाईचा खर्च नको म्हणून ते नुसतं मोबाइलवर काढलं. किंमत ठेवली शंभर.

लगेच डाळजच्या रेश्माचा फोन आला. "अगं, शंभर म्हनलीस, आन् हितं एकशे अठरा मागतंय की!"

सोनम तडक बारामतीला गेली, कर सल्लागार मोहनरावांकडं.

"तात्या, पुस्तकाला कर नसतोय ना?"

"छापलेल्याला नसतो. तुझं मोबाइलवरचं. त्याची छापील प्रत असती तर पाच टक्के लागला असता. ती न्हाय, म्हणून अठरा."

"मजकूर त्योच, फोटू त्येच, तरी?"

"तरी. नियम हाय तसा."

सोनम हसली. "मंग छापतेच."

पेरूच्या बागेचे आलेले पैसे तिनं छपाईत घातले. नवऱ्याला विचारलं नाही, सांगितलं. छापखान्याच्या सुयोगला मात्र धाकधूक. "खपतील का वहिनी?"

"खपवायचं माझ्याकडं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, हे चार विषारी तेवढे रंगीत ठेवा. मण्यारीचे पट्टे उठून दिसले पायजेत."

पुस्तक निघालं. मोबाइलवरच्या पुस्तकाचा कर पाच टक्क्यांवर उतरला, रेश्माच्या मैत्रिणींनीही ते घेतलं. पण कागदाचं पुस्तक मोबाइल नसलेल्या घरांतही शिरलं.

नरसिंहपूरच्या धोंडाबाईंनी ते भिंतीतल्या देवळीत ठेवलं होतं. पाटाच्या कडेला त्यांच्या सुनेला साप चावला. माणसं जमली, कुणी मांत्रिकाचं नाव काढलं. धोंडाबाईंनी पुस्तक आणून सुनेपुढं धरलं. तिनं घोणशीच्या चित्रावर बोट ठेवलं.

"ह्योच व्हता, आत्याबाई."

"मांत्रिक राहू द्या तुमचा! हितं दवाखाना लिव्हलाय. गाडी काढा!"

सून वाचली. घरी आल्यावर तिनं स्वतःच सोनमला फोन करून सगळं सांगितलं. फोन ठेवल्या ठेवल्या सोनमनं सुयोगचा नंबर लावला.

"दुसरी आवृत्ती काढू. दवाखान्याचं पान पहिलं घ्या, आन् अक्षर मोठं करा."